नाशकात शूटिंग येतं आणि जातं. ते पुन्हा यावं म्हणून कुणी काय करायचं?

अन्नपूर्णा_पंचवटी

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमची खानावळ आहे, सासूबाईंनी सुरू केलेली. गेल्या हिवाळ्यात एका वेबमालिकेचं युनिट नाशकात ९ दिवस होतं आणि त्यांच्या जेवणाखाण्याचं काम आमच्याकडे आलं. रोजची ८५ माणसं.

असं काम आम्ही कधी केलेलं नव्हतं. लग्नात पंगती बसतात, उठतात, संपतं. इथे पहाटे ५ ला लोकेशनवर चहा हवा, ७ च्या आत नाश्ता, दुपारचं जेवण सीन कुठे अडलाय त्यावर, आणि शिफ्ट लांबली की रात्री पुन्हा चूल पेटवा. पहिल्या दिवशी पोह्यांचं पातेलं नेलं, अर्ध्या तासात तळ दिसला. लाईटवाली पोरं तेव्हा कुठे केबल ओढून मोकळी होत होती. त्यांच्या वाट्याला बिस्किटाचे पुडे आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आधी लाईटवाल्यांचे २२ डबे भरायचे, मगच पातेल्याचं झाकण काढायचं, असा नेम केला. शेवटच्या दिवशी त्यांच्यातले एक वयस्कर काका रिकामा डबा विसळून परत द्यायला आले. म्हणाले, "ताई, आउटडोअरला गरम नाश्ता पहिल्यांदा खाल्ला."

त्या ९ दिवसांत फुलेनगरातल्या ४ बायकांना रोज मिळाला. दूधवाला, भाजीवाली, टेम्पोवाला, इस्त्रीवाला, लॉजवाला, सगळ्यांच्या हातात पैसे खेळले. मग एका रात्रीत पॅकअप. जाताना प्रॉडक्शन मॅनेजरला विचारलं, पुन्हा कधी येणार? तो म्हणाला, "पुढचं शेड्यूल मध्य प्रदेशात. तिथे एका फोनवर काम होतं."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. एका फोनवर काम होतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि आपल्याकडे तो फोन कुणाचा? जाणकारांनी समजावून सांगा. मला हे काम पुन्हा हवंय, फक्त माझ्यासाठी नाही.

सिन्नरकर

धागा उत्तम. आमच्या गोंदेश्वराच्या मंदिराकडे कॅमेरा वळला की मला कळवा, मी सतरंजी घेऊन येतो.

कॅमेऱ्यामागचा

ताई, मी नाशिकरोडचा. १४ वर्षं मुंबईत प्रॉडक्शनमध्ये आहे, सध्या लाईन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा, म्हणून काम करतो. जागा कशी ठरते ते सांगतो.

पटकथेत लिहिलेलं असतं, 'नदीकाठचं जुनं गाव'. दिग्दर्शकासमोर पाच गावांचे फोटो जातात. वाई, महेश्वर, चंदेरी, नाशिक, आणखी एखादं. आमच्या टेबलावर त्या पाचांचा तक्ता असतो: प्रवास, मुक्काम, परवानग्या, पाऊसपाणी, अनुदान. 'सुंदर' असा रकाना त्यात नसतो, कारण पाचही जागा सुंदरच असतात. निवड होते ती बाकीच्या रकान्यांवर.

त्यातला परवानगीचा रकाना सगळ्यात जड. कलाकारांच्या तारखा दोन-तीन महिने आधी बांधलेल्या असतात. एक कागद एक दिवस उशिरा आला तर ८५ माणसांचा रोज, खोल्या, गाड्या, जनरेटर सगळं चालूच राहतं आणि चित्रीकरण शून्य. म्हणून आम्ही पैशांच्याही आधी विचारतो: लेखी उत्तर किती दिवसांत मिळेल?

आता गोदाघाटावरचा एकच सीन घ्या. घाट महापालिकेचा, गर्दी पोलिसांची, रस्ता वाहतूक शाखेचा, शेजारची जुनी वास्तू पुरातत्त्वची. गंगापूर धरणावर जायचं तर जलसंपदा. हरिहर किंवा ब्रह्मगिरी म्हटलं की वनविभाग. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. रेल्वे स्टेशन हवं असेल तर मध्य रेल्वे. त्यांचं पत्र, अनामत, विमा सगळं वेगळं.

महाराष्ट्रात यंत्रणा नाही असं मुळीच नाही. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ १९७७ पासून आहे, गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी त्यांचीच. त्यांच्याकडे फिल्म सेल आहे, एक खिडकी आहे म्हणजे सगळ्या परवानग्यांचा अर्ज एकाच ठिकाणी, अर्ज ऑनलाइन जातो. पण पहाटे ६ ला गल्लीच्या तोंडाशी जनरेटरची गाडी अडली आणि समोरचा दुकानदार म्हणाला 'मला कुणी विचारलं नाही', की त्या क्षणी गोरेगावची खिडकी काय करणार? तिथे नाशकातला माणूस लागतो, ज्याला हवालदारही ओळखतो आणि दुकानदारही. मध्य प्रदेशाने शूटिंगची परवानगी लोकसेवा हमी कायद्याखाली आणली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक. मॅनेजर म्हणाला तो 'एक फोन' त्याच्या जोरावर वाजतो. आपल्याकडेही २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. शूटिंगची प्रत्येक परवानगी त्यात घट्ट बसवून घेतली पाहिजे.

'पंचायत' बघितलीत? गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलियाची. शूटिंग झालं मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. नाव एकाचं, रोजगार दुसऱ्याचा.

मखमलाबादची_लेक

शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. उद्या कुणी गोदावरीची गोष्ट नर्मदेवर जाऊन केली तर?

दिंडोरीचा_मळा

माझा अनुभव गोड-आंबट दोन्ही आहे.

फेब्रुवारीत आमच्या बागेत जाहिरातीचं शूटिंग झालं, दोन दिवस. त्यांना घडांनी लगडलेला मांडव हवा होता. म्हणजे माझा ऐन तोडणीचा काळ. भाडं चांगलं ठरलं म्हणून चार ओळी तोडायच्या ठेवल्या. लोक सभ्य होते, एक घड विचारल्याशिवाय तोडला नाही. पण जनरेटरची गाडी बांधावरून न आणता मधल्या वाटेने आणली आणि ठिबकची मेन लाईन चेपली. आम्हाला कळलं दोन दिवसांनी, टोकाच्या वेली मान टाकायला लागल्या तेव्हा. फोन केला तर 'तुमच्या करारात नुकसानीचं कलम नाही.' करार त्यांनीच आणलेला, इंग्रजीत, आठ पानी. मी सही केली बोनेटवर कागद ठेवून.

मला शूटिंगचा राग नाही, पुन्हा आले तर पुन्हा देईन. पण शेतकऱ्याच्या हातात मराठीतला, दोन पानी, तपासलेला करार असायला हवा. त्यात गाडी कुठून येणार, कोणत्या ओळीत कुणी जायचं नाही, फवारणी झाली असेल तर किती दिवस बागेत पाय ठेवायचा नाही, आणि नुकसानीची अनामत. ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंत बाग आठवड्या-आठवड्याला वेगळी दिसते. कुठल्या आठवड्यात काय दिसेल हे मुंबईतल्या माणसाला कोण सांगणार? आम्हीच ना? मग आम्हाला कुणी विचारावं असं एखादं ठिकाण तरी हवं.

हिशेबनीस

मी सीए आहे, दोन निर्मिती संस्थांचं ऑडिट केलंय. अनुदानाबद्दल लिहितो, कारण त्याबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत.

अनुदान आधी हातात देत नाहीत. निर्माता राज्यात खर्च करतो, बिलं ठेवतो, चित्रपट पूर्ण करतो, लेखापरीक्षण होतं आणि मग ठरलेला हिस्सा परत मिळतो. केंद्र सरकारचं परदेशी निर्मितीसाठीचं प्रोत्साहन २०२२ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात जाहीर झालं तेव्हा ३० टक्क्यांपर्यंत होतं, २०२३ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ते ४० टक्के झालं, कमाल मर्यादा ३० कोटी रुपये. ते काम एनएफडीसी या केंद्राच्या चित्रपट महामंडळाचं फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस बघतं, २०१५ पासून.

अमेरिकेतलं न्यू मेक्सिको हे राज्य बघण्यासारखं आहे. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेची गोष्ट मुळात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची होती. न्यू मेक्सिको खर्चाचा हिस्सा परत देत होतं म्हणून ती अल्बुकर्कीला हलवली. आज लोक त्या गावात मालिकेतली घरं बघायला जातात. पण मला त्यांची दुसरी योजना जास्त मोलाची वाटते. स्थानिक माणूस शूटिंगवर काम करता करता वरचं काम शिकत असेल, तर त्याच्या पगारातला निम्मा भाग तिथलं राज्य निर्मात्याला परत देतं, १०४० तासांपर्यंत. पुढच्या वेळी युनिट येतं तेव्हा मुंबईहून, माफ करा, लॉस एंजेलिसहून माणूस आणावाच लागत नाही.

उलट उदाहरण मिशिगनचं. २००८ मध्ये त्यांनी ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. युनिटं धावत आली. तिजोरीतून जाणारे पैसे आणि करातून परत येणारे पैसे यांचा मेळ बसेना, २०१५ मध्ये योजना बंद झाली, युनिटं उठून गेली. नुसत्या पैशावर आलेला पाहुणा पैसा संपला की जातो. म्हणून ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: अनुदान हवं, पण ते गावात झालेल्या खर्चावर हवं, नटाच्या मानधनावर नको. नटाचे पैसे त्याच्या खात्यात, म्हणजे मुंबईत जातात. तुमच्या पोह्यांचे पैसे फुलेनगरात जातात, तिथून किराण्याच्या दुकानात, तिथून शाळेच्या फीमध्ये.

मिसळ_हीच_संस्कृती

नाशकात ८५ माणसं नाश्त्याला आणि पोहे? ताई, मिसळ द्यायची. ते मध्य प्रदेशात गेलेच नसते.

अन्नपूर्णा_पंचवटी

@मिसळ, पाचव्या दिवशी दिली! मेकअपवाल्या दादांनी तीन वेळा रस्सा मागून घेतला. पण हिरॉइनला क्लोजअप होता, तिला तिखट चालेना. तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी वेगळी केली.

@हिशेबनीस, नटाचे पैसे आणि पोह्यांचे पैसे, हे मला आत्ता नीट कळलं. माझंच बघा, जनरेटर, व्हॅनिटी (कलाकारांची मेकअपची गाडी), लाईट, सगळं मुंबईहून आलेलं. त्याचे ड्रायव्हरसुद्धा तिकडचे. आमच्याकडचं म्हणजे जेवण, खोल्या आणि गर्दी.

मालेगावकर

आमच्या मालेगावाला विसरू नका, जिल्हा एकच आहे. आमच्याकडे ना खिडकी होती ना अनुदान. यंत्रमागावर सहा दिवस काम करायचं आणि शुक्रवारच्या सुट्टीत शूटिंग. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली शॉट, बैलगाडीच्या जुवावर माणूस उचलून क्रेन. त्यावर माहितीपट झाला, पुढे हिंदी चित्रपटही झाला, जगभर पाहिला गेला.

माझं म्हणणं एवढंच की कार्यालय काढाल तेव्हा ते फक्त बाहेरून येणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी काढू नका. मालेगावच्या एखाद्या पोराला महामंडळाच्या अर्जाचा नमुना भरता येत नसेल तर तो भरून देणारा माणूस तिथे बसला पाहिजे. ती पोरं उद्या पोटासाठी मुंबईला जाणार आहेत. इथे काम असेल तर इथेच राहतील.

हिशेबनीस

@मालेगावकर, शंभर टक्के सहमत.

गोदामाई

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण मला आडवं बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी वडिलांचा दहावा रामकुंडावर होता. आम्ही गुरुजींबरोबर बसलो, पिंड मांडले, आणि तेवढ्यात एक मुलगा वॉकीटॉकी घेऊन आला. 'काका, दहा मिनिटं बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय.' माझा भाऊ तेव्हा उघड्या अंगाने, ओल्या पंचात बसलेला. आम्ही उठलो नाही. मग त्यांनी आमच्या पाठीमागे पांढरा पडदा धरला आणि पलीकडे नाच सुरू केला. कावळ्याची वाट बघत होतो आणि मागे गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता.

तुमचे पोह्यांचे पैसे खरे आहेत ताई, मी नाकारत नाही. पण रामकुंड ही आमची जागा आहे, कुणाची पार्श्वभूमी नाही. जे कार्यालय फक्त 'या, या' म्हणतं ते मला नको.

अन्नपूर्णा_पंचवटी

गोदामाई, वाचून हात थांबले. माझ्या सासऱ्यांचंही सगळं तिथेच झालं. तुमच्या भावाच्या जागी माझे यजमान डोळ्यांसमोर आले. तुम्ही हे इथे लिहिलंत ते बरं केलंत.

कॅमेऱ्यामागचा

गोदामाई, आमच्या व्यवसायातल्या माणसांकडून हे झालं, मी तुमची माफी मागतो. त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसणार की सकाळी तिथे दशक्रिया चालतात. हाच मुद्दा आहे. चांगलं कार्यालय 'नाही' म्हणायलाही शिकलेलं असतं. रामकुंडावर सकाळचे विधी संपेपर्यंत कॅमेरा नाही, हे छापील यादीत पहिलं असेल तर आम्ही शेड्यूलच तसं लावतो. आम्हाला नियमाचा त्रास होत नाही. त्रास होतो तो नियम ऐन वेळी कळण्याचा.

अंजनेरीचा_भटक्या

त्या यादीत माझी भर: अंजनेरीचं पठार. तिथे गिधाडं आहेत, आणि पावसाळ्यात अशी कंदीलपुष्पं फुलतात जी दुसरीकडे शोधूनही सापडत नाहीत. ५० माणसं आणि ट्रॉलीचे रूळ त्या पठारावर नकोतच. खाली पायथ्याशी भरपूर जागा आहे, डोंगर मागे तोच दिसतो.

देवळालीचा_निवृत्त

ड्रोनचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. नाशिकच्या आसपास देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, गांधीनगरला लष्करी हवाई प्रशिक्षण, ओझरला एचएएल आणि विमानतळ, शिवाय नोटांचा छापखाना. मुंबईची पोरं गाडीतून उतरतात आणि लगेच ड्रोन उडवायला बघतात. एकदा आमच्या कॉलनीशेजारी पोलीस आले, यंत्र जप्त, दिवस वाया. कुठे उडवता येतं आणि कुठे अजिबात नाही, याचा नकाशा सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या संकेतस्थळावर आहे. रेकीच्या, म्हणजे जागा बघायला येण्याच्या, दिवशीच तो हातात ठेवला तर दोघांचाही मान राहील.

इगतपुरीकर

तुम्ही सगळे फोन, यादी, करार बोलताय. मला वाटतं ही पळवाट आहे. खरी गरज मोठ्या चित्रनगरीची आहे. आमच्या तालुक्यात मुंढेगावला चित्रनगरी होणार हे किती वर्षं ऐकतोय. समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसारा घाटातली रांग गेली. आता मुंबईतला माणूस सकाळी निघून आमच्याकडे पहिल्या शॉटला पोचतो.

आणि पावसाचं काय? आमच्याकडे चार महिने आभाळ फाटलेलं असतं. तेव्हा ताईंची खानावळ काय करणार? बंदिस्त फ्लोअर, म्हणजे छपराखालचा स्टुडिओ, असेल तर बाहेर पाऊस, आत शूटिंग. पावसाळ्यातही पोरांना काम. हैदराबादला रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये उभी राहिली, आज बघा.

हिशेबनीस

इगतपुरीकर, पावसाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य. पण रामोजीच्या मागे तेलुगू चित्रपटांचा आख्खा व्यवसाय होता. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा आत येणारी माणसं आधीच शहरात होती. कोल्हापूरचं घ्या. तिथली चित्रनगरी मधल्या काळात ओस पडली होती. ती असूनही आसपासच्या गावात, खऱ्या वाड्यात मालिका आल्या. त्या आल्या कारण कोल्हापुरात सुतार, रंगारी, ज्युनिअर आर्टिस्ट, कॅमेरा असिस्टंट पिढ्यान्पिढ्या तयार आहेत. फ्लोअर बांधायला दोन वर्षं पुरतात, माणसं घडायला पंधरा लागतात. म्हणून माणसांपासून सुरुवात.

इगतपुरीकर

माणसं घडायलाही जागा लागते हो. १५ वर्षं पोरं कुठे शिकणार, एसटी स्टँडवर?

हिशेबनीस

हं. हे मात्र खरं.

नाट्यवेडी

मी इथल्या हौशी नाटकांत काम करते, चार शूटिंगला गर्दीत उभी राहिलेय. दोन गोष्टी. एक: रोज किती, हे आदल्या रात्री को-ऑर्डिनेटर एक सांगतो आणि पॅकअपनंतर हातात दुसरंच येतं. टीव्हीवाल्यांकडे तर ९० दिवसांनी पैसे हा रिवाज. ज्याच्याकडे महिन्याचं भाडं द्यायला पैसे नाहीत तो ९० दिवस कसा थांबणार? दोन: बायकांसाठी स्वच्छतागृह. एका शेतात आम्ही ३० जणी होतो, सकाळी ६ पासून. व्हॅनिटीकडे जायची परवानगी नव्हती. मी दिवसभर पाणी प्यायले नाही, संध्याकाळी चक्कर आली.

परवानगी देताना या दोन अटी लेखी घाला. फिरतं स्वच्छतागृह आणि त्याच दिवशी रोज. आम्ही कुठलंही ऊन सोसायला तयार आहोत, हौस आहे आम्हाला.

दिंडोरीचा_मळा

नाट्यवेडी ताई, यापुढे माझ्या मळ्यात येणाऱ्या प्रत्येक करारात हे कलम मी स्वतः घालणार. शब्द दिला.

जुनं_नाशिक

थोडं विषयांतर, पण अगदीच बाहेरचं नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशन थिएटरमध्ये लागला आणि त्यानंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशकात आले. 'लंका दहन' १९१७ चा, इथलाच. राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांच्या. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी इथे उभी राहिली. देशात चित्रपट हा धंदा रुजत होता तेव्हा नाशकात माणसं फिल्म धुवत होती, पडदे रंगवत होती, मुकुट करत होती. १६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके गेले, तेही नाशकातच.

मला त्या कंपनीचा स्वयंपाक फार आठवतो, म्हणजे मी पाहिला नाही, वाचलाय. माणसं एकत्र राहायची, घरातली बाईमाणसं सगळ्यांना जेवू घालायची, सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं सांभाळायच्या. अन्नपूर्णाताई, तुमचे २२ डबे वाचले आणि वाटलं, हे काम नाशकात नवं नाही.

अन्नपूर्णा_पंचवटी

जुनं नाशिक, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

सिन्नरकर

ताईंचा प्रश्न होता 'तो फोन कुणाचा'. एवढे प्रतिसाद झाले, नंबर अजून कुणी दिला नाही.

कॅमेऱ्यामागचा

सिन्नरकर, बरोबर पकडलंत. सरकारी माणूस नेमला जाईल तेव्हा जाईल, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला मी येतो. सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ मध्ये सगळी यंत्रणा कुंभात गुंतलेली असेल, तेव्हा आपल्याकडे कुणी बघणार नाही. म्हणून आत्ताच.

पण तोवर आपण एक वही तरी करूया. जागा, माणसं, वस्तू. जागेचा फोटो चारही दिशांनी, सकाळी आणि दुपारी, कारण ऊन कुठून येतं हे कॅमेरामन आधी विचारतो. तीन फेजची वीज आहे का. दहा चाकी गाडी दारापर्यंत येते की कोपऱ्यावर थांबते. आवाज कशाचा येतो: गिरणी, भोंगा, शाळा, कुत्री. मोबाइलला रेंज. कुठल्या महिन्यात काय पिकलेलं असतं. मी तक्ता करून देतो, भरायचा तुम्ही.

मखमलाबादची_लेक

मी भरणार. इस्त्री, शिवणकाम आणि ऐन वेळी ब्लाउज उसवून पुन्हा शिवणं, माझं नाव लिहा.

मालेगावकर

आमच्याकडून ११ जण: ४ संकलक, ३ कॅमेरे, २ मेकअप, १ मारामारी बसवणारा, १ जो काहीही करतो.

देवळालीचा_निवृत्त

नियमांची यादी मी लिहून देतो. रामकुंड आणि अंजनेरी सगळ्यात वर.

अन्नपूर्णा_पंचवटी

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितेय. वहीत आज ६४ नोंदी झाल्या. निवेदन दिलं, पोच घेतली. साहेबांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं, तक्ता उलटून पाहिला आणि एक प्रत ठेवून घेतली. पुढचं कळलं की लिहीनच.

माझे गेल्या वेळचे शेवटचे पैसेही आले, ७४ व्या दिवशी. कॅमेऱ्यामागच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या वेळी निम्मे आधी घेणार, आणि 'सगळ्यांची देणी दिली' हा दाखला आल्याशिवाय कुणाची अनामत परत जाऊ नये, हेही निवेदनात घातलंय.

आणि आता घाईचं. आज सकाळी रेकीसाठी फोन आला. मराठी चित्रपट आहे, ४० माणसं, १२ दिवस. त्यांना जुना वाडा हवाय: मधे चौक, चौकात आड, आणि आडाला अजून पाणी असलेला. जुन्या नाशकातला सापडला तर उत्तम, नाहीतर त्र्यंबक, चांदवड, येवला चालेल. वहीत वाडे ७ आहेत, आड एकातही नाही. सगळ्यांनी बुजवले. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.

जुनं_नाशिक

माझ्या आत्याचा वाडा आहे, भद्रकालीत. आडावर फळी टाकून त्यावर तुळस ठेवलीये. पाणी आहे, गेल्या वर्षी फळी काढून पाहिलं होतं. पण आत्या ८१ वर्षांची आहे आणि दुपारी १ ते ४ झोपते. त्या वेळात घरात आवाज चालणार नाही.

अन्नपूर्णा_पंचवटी

१ ते ४ जेवणाची सुट्टी आणि बाहेरचे सीन लावा म्हणून सांगते. आत्यांना विचारून सकाळी ९ ला येऊ का फोटो काढायला? येताना डबा आणते.

जुनं_नाशिक

या. तिला थालीपीठ आवडतं, मऊ हवं.